शेडग्यांच्या घरचं माप

दारूचा विषय निघाला की आमच्या झाशीतली मराठी माणसं एक शब्द फार जपून वापरतात. प्रमाणात. अमके घेतात, पण प्रमाणात. तमक्यांचे जावई घेतात, पण अगदी प्रमाणात. सांगताना चेहरा असा असतो, की ते गृहस्थ चारधाम करून आल्याची बातमी देतायत. माझी सगळी नोकरी मुलींना भाषा शिकवण्यात गेली, त्यामुळे शब्दावर राग धरू नये एवढं मला कळतं. या एका शब्दावर मात्र मी राग धरून आहे, आणि तो माझा शेजारी जयसिंग शेडगे याच्यामुळे.

आम्ही झाशीचे जुने. आमचे पूर्वज पूजाअर्चा आणि दप्तर सांभाळायला इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी आता घरात उरलंय, तेही निम्मं हिंदीत कालवलेलं. शेडगे तसे नव्हेत. जयसिंग साताऱ्याकडचा, लहान वयात फौजेत भरती झालेला. शेवटची पोस्टिंग झाशीजवळ बबिन्याच्या छावणीत होती. चौऱ्याऐंशीच्या सुमारास तो निवृत्त झाला, तेव्हा मुलीची शाळा मोडू नये म्हणून गावी न जाता नगरा मोहल्ल्यात माझ्या भिंतीला भिंत लावून त्यानं दोन खोल्या बांधल्या. आमच्या जुन्या मंडळींना फौजी लोक जरा कमीचे वाटत. गणपतीची वर्गणी चालायची, पंगतीत पाट मात्र दाराकडचा मिळायचा. मला त्याची बायको कांता पहिल्या दिवसापासून आवडली. भिंतीवरून डोकं काढून तिनं विचारलं, "बाई, कोशिंबिरीला मुळा किसता का चिरता?" इतका साधा प्रश्न मराठीत कुणी मला विचारला त्याला वर्षं लोटली होती.

जयसिंगनं फौजेत बंदूक कमी चालवली आणि माप जास्त. कंपनीच्या भांडारावर तो हवालदार होता. आटा, डाळ, बूट, साबण, सगळं त्याच्या हातून जायचं, आणि ठरल्या संध्याकाळी रमही. जवान आपापला मग घेऊन रांग लावायचे आणि जयसिंग प्रत्येकाच्या मगात दोन पेग ओतायचा. याला ते इश्यू म्हणत. पहिल्याला जेवढी मिळे तेवढीच शेवटच्याला. अधिकारी कितीही वरचा असो, ओळखीचा असो, थेंब इकडचा तिकडे होत नसे. कंपनीत त्याला 'काटा' म्हणायचे आणि हे सांगताना त्याची छाती फुगायची. रांग संपली की तो स्वतः प्यायचा. दोनच. सगळी नोकरी त्याला कुणी झोकांड्या खाताना पाहिलं नव्हतं.

म्हणूनच पुढं जे झालं ते कुणाला उलगडेना. निवृत्तीनंतर त्याला एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम लागलं होतं. फौजी कँटीनच्या कार्डावर महिन्याच्या बाटल्या मिळायच्या. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी महिन्याच्या बाटल्या आठवड्यात संपू लागल्या, मग रेल्वे लाइनपलीकडचा देशी ठर्रा सुरू झाला, आणि मग गोदामवाल्यानं त्याला घरी बसवलं. मुलगी पुष्पा माझ्याच शाळेत आठवीत होती. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी ओरडत आली, की शेडगेचे पप्पा फाटकाबाहेर पडलेत. सगळ्या मुली बघायला धावल्या, पुष्पा एकटी वर्गात बसून राहिली. मी शिपायाला रिक्षा आणायला लावली. ती मुलगी त्यानंतर वर्षभर मधल्या सुट्टीत बाहेर आली नाही.

"सगळी नोकरी दोनावर काढली, मंग घरी काय झालं?" कांता मला विचारायची. मला काय ठाऊक. मीही तेव्हा बाकीच्यांसारखीच समजत होते, की माणसानं जरा मनावर घ्यायला पाहिजे.

उपाय जयसिंगनंच काढला. भांडारात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय. त्यानं कपाटाला जाड कुलूप बसवून घेतलं, बडा बाजारातून पितळेचं पेगाचं माप आणलं आणि दोन्ही कांताच्या हवाली केलं. आता घरात इश्यू होणार. रोज आठ वाजता कांता डोक्यावर पदर घेऊन कपाट उघडायची, जयसिंग मग घेऊन समोर उभा राहायचा, ती दोन मापं ओतायची आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची. पुष्पा आतून हाक मारायची, "मम्मी, इश्यू का टाइम हो गया." सुरुवातीला त्यांना स्वतःलाच हसू यायचं, मग सवय झाली.

एक अख्खा हिवाळा हे चाललं. मोहल्ल्यात गाजावाजा झाला. कांताचा भाऊ रामकृष्ण बबिन्यात एका ठेकेदाराकडे मुनशी होता, त्यानं तिकडे सगळ्यांना सांगितलं, की बहिणीनं नवऱ्याला कसं रुळावर आणलं. आमच्यातली जुनी माणसंसुद्धा मला म्हणाली, बघ, घेतो, पण प्रमाणात. कांताच्या अंगावर मांस आलं. ती हसायला लागली. मी खोटं बोलणार नाही, मलाही ते घर बघून बरं वाटायचं.

पण मी एक बघत होते आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसायची. जयसिंग मटार सोलायला घ्यायचा आणि दाणे सालांत, सालं पातेल्यात. पुष्पानं काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. डोळे घड्याळावर. दुपारपासून तो माणूस आठ वाजायची वाट बघण्याखेरीज दुसरं काही करतच नव्हता.

पुढं कळलं ते असं. इश्यू सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो दुपारी लाइनपलीकडे जाऊ लागला होता. आठ वाजता कांतासमोर हात न थरथरता उभं राहता यावं म्हणून आधी ठर्रा. कांताला वास यायचा, पण तिला वाटायचं तो कालचाच असेल. तिचा कुलपावर विश्वास होता. आणि तिचं माप शेवटपर्यंत चुकलं नाही. ज्या दुपारी जयसिंगनं मोरीत रक्त ओकलं आणि आम्ही त्याला टांग्यातून फौजी इस्पितळात नेलं, त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तिनं त्याला नेमके दोनच पेग दिले होते.

डॉक्टर तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं कांताला आणि पुष्पाला खाटेशेजारी उभं करून हिंदीत सांगितलं, की यकृत निम्मं गेलंय. पूर्ण बंद ठेवली तर माणूस जगेल. एक घोट घेतला तर दुसरा घेईल, दुसरा घेतला तर इथे येईल, आणि या वेळेसारखा परत जाणार नाही. कांतानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, दो पेग?" त्यानं पुन्हा समजावलं. ती म्हणाली, "एक?"

मी शेजारीच होते. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिला दारू पाजायची नव्हती. नवऱ्यानं चार लोकांत बसावं, इतरांसारखे दोन घ्यावेत आणि उठून जेवायला यावं, एवढंच तिचं जगाकडे मागणं होतं. अजिबात सोडणं म्हणजे बेवडा असल्याचं कबूल करणं.

मग मी गजाननला घेऊन इस्पितळात गेले. गजानन माझा चुलतभाऊ, डाकखान्यात नोकरीला. एके वर्षी आमच्या गणपतीत तो आरतीचं तबक घेऊन सगळ्यांदेखत आडवा झाला होता. त्यानंतर त्यानं सोडली, सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी आमची मंडळी अजून त्याच्या हातात तबक देत नाहीत. पडलेला सगळ्यांच्या लक्षात राहिला, उठलेला कुणी बघितलाच नाही. गजानन जयसिंगच्या खाटेवर बसला आणि त्यानं उपदेश म्हणून एक अक्षर काढलं नाही. आपण बाटल्या कुठं कुठं लपवल्या होत्या ते सांगत बसला. तांदळाच्या डब्यात, पाण्याच्या टाकीत, एकदा तर मारुतीच्या देवळामागे. जयसिंगनं बऱ्याच वेळानं विचारलं, "टाकीत बुडून वास न्हाई येत?" त्या दिवसापासून त्यांची मैत्री झाली.

सीपरी बाजाराकडे एका चर्चच्या मागल्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. गजानन त्याला तिथे नेऊ लागला. हमाल, वकील, इंजिन ड्रायव्हर, एक संस्कृतचे शास्त्रीबुवा, सगळे एका बाकावर. चहा व्हायचा, आणि एकेक जण उठून आपलं नाव सांगून म्हणायचा, मैं शराबी हूँ. जयसिंगची पाळी आली तेव्हा तो सावधान उभा राहिला, त्यानं आपला फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव खणखणीत सांगितलं आणि खाली बसला. कितीतरी आठवडे तो नंबर, हुद्दा, नाव एवढंच सांगत राहिला. कुणी हसलं नाही आणि कुणी जोरही केला नाही. एक दिवस पुढचा शब्द बाहेर आला. त्या दिवशी तो पोरासारखा रडला, असं गजानननं मला सांगितलं.

सोपं काही गेलं नाही. हात कापायचे, घाम फुटायचा, झोप नव्हती. गजानन सांगेल तेवढंच जयसिंग करायचा. संध्याकाळ झाली की घरात बसायचं नाही, जीव घाबरला की गूळ खायचा, आणि उद्याचं बोलायचं नाही, आजचा दिवस फक्त. कधी बसनं जवळच्या बरुआसागरला जाऊन पिशवीभर आलं आणायचा आणि सगळ्या गल्लीला वाटत बसायचा, केवळ वेळ जावा म्हणून. हळूहळू त्याच्या तोंडावर रंग आला. एका सकाळी मी त्याला भिंतीपलीकडे मटार सोलताना पाहिलं. दाणे पातेल्यात पडत होते.

तेव्हा मी त्याला कांताचा जुना प्रश्न विचारला. फौजेत जमलं ते घरी का जमलं नाही?

"बाई, रांगंत तीन तऱ्हंची मानसं असायची," तो म्हणाला. "एक, आपला मग भरून घ्यायची, गप्पा मारत प्यायची, इसरून जायची. दुसरी, बिडीच्या बंडलावर आपला वाटा दुसऱ्याला देऊन टाकायची. आन तिसरी मगाकडं बघायचीच न्हाईत, माज्या हातातल्या डब्याकडं बघायची. आपल्यापातूर पुरंल का न्हाई. त्यांना मी लगेच वळखायचो. कारन ओतता ओतता मी बी तेच बघत व्हतो."

मग तो सांगत गेला. दोन पेग त्याला कधीच दोन वाटले नाहीत. तिसरा मिळाला नाही, एवढंच त्याला वाटत आलं होतं. इतरांना दोन झाले की पुरे असं आतून कुणीतरी सांगतं म्हणे, त्याच्या आत तो सांगणारा नव्हताच. उलट पहिला पोटात गेला की आतून दुसऱ्याची मागणी सुरू. फौजेत डब्याला कुलूप होतं, वर हिशेब तपासणारे होते, झोकांडी गेली तर हुद्द्याची फीत उतरली असती. ते सगळं काढून घेतल्यावर त्याच्याजवळ स्वतःचं असं काही माप उरलं नाही. आणि घरातल्या इश्यूनं तर त्याचा जीव घेतला. दोन प्यायचे म्हणजे दिवसभर आठ वाजायची वाट बघायची. एकही प्यायचा नाही म्हटल्यावर आठ वाजता नुसते आठ वाजतात, असं तो म्हणाला, आणि पुन्हा मटाराकडे वळला.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती. गोड गोष्टी लिहिणारे पुष्कळ आहेत.

छावणीच्या गावात कँटीनची रम हे चलन आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्याला एक बाटली दिली की तार आजच जोडली जाते. गॅसची टाकी, दाखल्यावरचा शिक्का, गाडीतली जागा, सगळ्याला बाटली. जयसिंगनं सोडली, पण त्याच्या कार्डावरचा कोटा थोडाच सुटला होता. रामकृष्णानं आणि कांतानं ठरवलं, की हक्काचा माल सोडायचा नाही. आणि कार्डवाल्यानं स्वतः रांगेत उभं राहावं असा नियम होता. म्हणजे दर महिन्याला हा माणूस, ज्याला डॉक्टरनं एका घोटाची सक्त मनाई केली होती, कँटीनच्या रांगेत उभा राहून पिशवीतून बाटल्या घरी आणत होता आणि बायको त्या त्याच कपाटात ठेवत होती.

त्यानं एकदा सांगून बघितलं, की बाटल्या घरात नकोत. कांता म्हणाली, घरात असून हात लावत नाही तेव्हाच सोडली म्हणायची. रामकृष्ण म्हणाला, फौजी माणूस आणि बाटलीला भितो? जयसिंगनं पुन्हा विषय काढला नाही. आपण घराचं इतकं वाटोळं केलं, आता आपल्याला नाही म्हणायचा काय हक्क, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कपाट होतं त्या खोलीत त्याला झोप येईना, म्हणून त्यानं खाट ओसरीत टाकली. थंडीतसुद्धा तो तिथेच झोपायचा आणि कांता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, त्यांना मोकळ्या हवेची सवय आहे.

पुष्पा बी.ए. झाली. रामकृष्णानं बबिन्यातलं स्थळ आणलं. मुलाचे वडील श्रीकृष्ण मोहिते, निवृत्त सुभेदार मेजर, सांगलीकडचे, भारदस्त आणि मोकळे. मुलगा क्लार्क होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पुष्पा कितीतरी वर्षांनी माझ्याकडे येऊन नुसतीच हसत बसली. लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे सांगून ठेवते.

मोहित्यांनी रामकृष्णाला विचारलं होतं, व्याही घेतात ना? रामकृष्णानं सांगून टाकलं होतं, घेतात, पण प्रमाणात. सोडलीय म्हटलं असतं तर का सोडली हे निघालं असतं. साखरपुडा रविवारी दुपारी शेडग्यांच्या गच्चीवर ठरला. खाली बायका, वर पुरुष, मटण आणि रम. गजाननला बोलावलं नाही. तो शराबी म्हणून सगळ्या झाशीला माहीत, त्याची आणि नवरीच्या बापाची ओळख कशी, असं कुणी विचारलं तर? ज्यानं त्या बापाला मरणाच्या दारातून ओढून आणलं त्याला साखरपुड्याचा पेढासुद्धा मिळाला नाही. गजानन मला म्हणाला, "जाने दो लीला, त्यांचं घर आहे." त्याचा हा समंजसपणा मला अजिबात आवडला नाही.

आदल्या दिवशी कांतानं जयसिंगला माझ्यासमोर बजावलं. प्यायची नाही, नुसता पेला हातात धरायचा. त्यात कोकाकोला घालू, रंग सारखाच दिसतो. अगदीच कुणी आग्रह केला तर ओठ ओले करायचे. जयसिंग म्हणाला, "कांते, वठ वले झाले तर मी ऱ्हात न्हाई." ती म्हणाली, एका दिवसानं काही होत नाही, पोरीकडे बघा.

दुपारी मी जिन्यात उभी होते, वरचं ताट खाली आणि खालचं वर करत. कांता माझ्या एक पायरी वर. जयसिंगनं सगळ्यांना स्वतः ओतून दिलं. हात तसाच नेमका, मोहित्यांनी वाहवा केली. मग तो आपला कोकाकोलाचा पेला घेऊन भिंतीशी टेकला. मोहिते उठले, त्यांनी त्याचा पेला बघितला आणि हसले. व्याह्यानं पोरांचं पाणी प्यावं हे बरं नाही, म्हणाले, आणि ते फेकून देऊन त्यांनी आपल्या हातानं पेल्यात रम ओतली, प्रेमानं, चांगली तीन बोटं. पेला जयसिंगच्या हातात दिला आणि सगळे आपापले पेले उचलून थांबले.

जयसिंगनं जिन्याकडे पाहिलं. त्याला कांता दिसली. मी तिच्या मागे होते, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान दिसत होती. कांतानं मान हलवली. घ्या.

ज्या बाईनं त्याचं रक्त मोरीतून खरवडून काढलं होतं, तिनं त्याला घ्या म्हणून खूण केली. मी हे विसरू शकत नाही.

जयसिंगनं पेला कठड्यावर ठेवला, सांडू न देता. मग टाचा जुळवून सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "मेजरसाहेब, मी बेवडा हाय. मला एक बी चालत न्हाई."

रामकृष्ण काहीतरी हसण्यावारी न्यायला लागला, त्याला कुणी साथ दिली नाही. मोहित्यांनी जयसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी सांगायचं होतंत, मी ओतली नसती," म्हणाले, आणि शेडग्यांनी पोरासाठी आणलेली अंगठी मागवली. साखरपुडा झाला. पुढे लग्नही झालं. काही म्हणजे काही मोडलं नाही.

मोडलं ते शेडग्यांच्या घरात. कांतानं त्याला पूर्वी सगळं माफ केलं होतं. शाळेचं फाटक, मोरीतलं रक्त, विकून टाकलेली तिच्या माहेरची भांडी. ते एक वाक्य तिनं माफ केलं नाही. ताट वाढायची, पण पुढ्यात सरकवून आत जायची. मी तिला समजवायला गेले. तुझा नवरा जिवंत आहे, धड आहे, आणखी काय हवं, असं चढ्या आवाजात बोलले. ती माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, पिऊन पडायचे तवा लोक मला बिचारी म्हनायचे. आता हसत्यात."

ते खरं होतं. बेवड्याच्या बायकोला या गावात एक जागा असते, आया-बाया तिच्याजवळ बसतात, हळहळतात. चारचौघांत स्वतःला बेवडा म्हणून टाकणाऱ्याच्या बायकोला कुठलीच जागा नसते.

पुष्पाच्या सासरी छळ बिळ काही नव्हता. सासरा तर भला माणूस. पण सासूला करमणूक मिळाली. पाहुणे आले की ती हसत हसत सांगायची, आमच्या सूनबाईंचे पप्पा मीटिंगला जातात. कुलपाची जुनी गोष्ट दिराच्याही कानावर आली होती, बाटली काढताना तो मुद्दाम म्हणायचा, भाभी, चाबी तो आपके पास होगी. इतकंच. पण रोज. जयसिंगला त्या घरी फारसं कुणी बोलवत नसे, आणि तोही जात नसे.

पहिल्या दिवाळीला पुष्पा माहेरी आली. मी खणनारळ घेऊन ओटी भरायला गेले होते. कांता आत चकल्या तळत होती. जयसिंग ओसरीत खाटेवर बसला होता, तांबूस, तब्येतीनं चांगला, मुलगी आली म्हणून तोंडभर हसत. त्यानं तिच्यासाठी बडा बाजारातून बांगड्या आणून ठेवल्या होत्या. पुष्पानं त्या हातात घेतल्या, भरल्या नाहीत. सासरी कसं चाललंय असं त्यानं विचारलं. जे इतके महिने दाबून ठेवलं होतं ते तिनं माझ्यादेखत विचारलं, हिंदीत, कारण राग आला की तिला हिंदीच येते.

"उस दिन एक घूँट ले लेते, पप्पा, तो मर जाते क्या?"

जयसिंगचं हसू गेलं. तो चिडला नाही. त्यानं प्रश्नाचा खरोखर विचार केला, जसा तो कुणी काही विचारलं की करतो.

"व्हय," तो म्हणाला. "मेलो असतो. डॉक्टर बोलला तवा तू व्हतीस की खाटंजवळ."

पुष्पा उठली. बांगड्या तिनं खाटेवर त्याच्या शेजारी ठेवल्या.

"याद आहे मला," ती म्हणाली, आणि आईला मदत करायला आत गेली.